पाठीवरचं तोरणमाळ

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कंपन्यांच्या सॅम्पलच्या ट्यूबांसारखे ते आपोआप खणात साचत जातात, आणि एक दिवस खण उघडला की परत बंदच होत नाही! माझा दवाखाना शहाद्याला, कातडीच्या रोगांचा. नायटा, खरूज, केस गळणं यांचे किस्से माझ्या जातीच्या प्रत्येक डॉक्टरकडे असतात, ते मी सांगत बसणार नाही. माझ्या खणातला सगळ्यात वरचा थर तिळांचा आहे.

तिळांचा म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढे कोणी अडणार नाही. आपल्या अंगात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. त्या संरक्षण खात्यातल्या. मधमाशी चावली की जी सूज आणि खाज उठते, ती त्यांची करामत. फारच थोड्या माणसांमध्ये या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात आणि कातडीत ठाण मांडून बसतात. मग अंगावर तपकिरी डाग येतात. डाग घासला की फुगतो. त्यातल्याही थोड्या लोकांना डागांच्या जोडीला तीळ यायला लागतात, आणि यायला लागले की येतच राहतात. का येतात, हे नक्की कोणी सांगू शकत नाही. बहुतेक तीळ गरीब असतात. पण एवढ्या गर्दीत एखादा बिघडला तर तो कॅन्सरच्या वाटेला लागू शकतो, आणि तो वेळेत सापडला पाहिजे. म्हणून सगळ्यांवर नजर ठेवायची. काम एवढंच. ऐकायला किती सोपं!

असे दोन पेशंट माझ्या नशिबात आले. त्यातली एक उर्मिला. हे तिचं खरं नाव नव्हे. किस्से सांगू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगा मॅडम, पण नाव जरा चांगलं ठेवा. खरं मला शाळेपासून आवडत नाही."

*

उर्मिला पहिल्यांदा आली ती तिच्या आईबरोबर, सुशीलाताईंबरोबर. सारंगखेड्याजवळचं केळीवालं घर. मुलगी कॉलेजात, अंगभर तपकिरी डाग, आणि गावात कोणीतरी कुष्ठरोग म्हणून कुजबूज सुरू केलेली. माय-लेकी स्कार्फ बांधून, मागच्या दाराने आल्या. माझ्या दवाखान्याला मागचं दार नाही. त्या शेजारच्या पिठाच्या गिरणीतून आल्या होत्या, दोघी पांढऱ्या होऊन!

मी डाग पाहिला आणि पेनच्या मागच्या टोकाने हलकेच घासला. दोन मिनिटांत तो फुगून वर आला, लालबुंद. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. निदान हातात आलं होतं आणि ते कुष्ठरोग नव्हतं.

सुशीलाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, आमी डाग जावाकरता उनूत, तुमी ते आखो फुगाडी दिधा! आनि वरथीन टाळ्या?"

मी समजावून सांगितलं. काय टाळायचं, कोणती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, मधमाशीपासून कसं जपायचं, इमर्जन्सीचं इंजेक्शन पर्समध्ये कसं ठेवायचं. सगळं ऐकून झाल्यावर उर्मिलाने एकच विचारलं, "मॅडम, हे लागतं का कोणाला?"

"नाही."

तिने स्कार्फ सोडला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. भर बाजाराच्या दिवशी. तो स्कार्फ मी परत कधी पाहिला नाही.

*

तीळ सुरू झाले ते त्यानंतरच्या वर्षात. आधी दंडावर, मग पाठीवर, मग जागा मिळेल तिथे. सुशीलाताई हवालदिल झाल्या. "ह्या थांबतीन कव्हय?" त्या मला विचारायच्या, जणू काही मीच सोडत होते.

उर्मिला मात्र म्हणायची, "येवू द्या त्यासले. आपन देखसूत."

तर आम्ही बघायला लागलो. एकदा तिच्या कानाखाली मला एक नवा तीळ दिसला. मोठा, काळाकुट्ट, कडा पसरलेल्या. आधीच्या तपासणीत तो नव्हता. मी लगेच फोटो काढून नाशिकच्या माझ्या सरांना पाठवला. सरांचा तासाभरात फोन. "हा तीळ थांबू देऊ नकोस. आजच्या आज काढ."

मी सुशीलाताईंना बाहेर बसवलं. ट्रे मांडला. विमलताई, म्हणजे आमची नर्स, रिसेप्शनिस्ट आणि सगळ्यांची सासू, तिने लाइट धरला. मी स्पिरिटचा कापूस तिळावर फिरवला आणि तीळ कापसावर आला!

बाहेरून सुशीलाताईंचा आवाज: "काजळ पुसू नका हां बाई! तुमी मशीनखाल धरतस तिले, नजर लागी ना!"

दवाखान्यात येताना लेकीला तीट लावून आणायची त्यांची पद्धत होती. लग्नाच्या वयाच्या मुलीला!

संध्याकाळी सरांचा फोन. "काढलास?"

"काढला सर."

"किती खोल होता?"

"सर, कापसाने निघाला."

सरांनी फोन ठेवून दिला.

*

त्या प्रकरणावरून माझ्या लक्षात आलं की माझे मोबाइलचे फोटो काही कामाचे नाहीत. चांगले फोटो पाहिजेत, एकाच अंतरावरून, एकाच उजेडात. म्हणून मी संजूला बोलावलं. संजूचा मेन रोडला स्टुडिओ आहे. तालुक्यातली अर्धी लग्नं त्याने काढलीत. त्याला बघून माणसाने आपोआप केस नीट करावेत, अशी त्याची ख्याती.

संजू छत्र्या, दिवे, स्टँड घेऊन आला. विमलताई पडदा धरून उभी. उर्मिलाची पाठ, दंड, मान, सगळं त्याने मन लावून टिपलं. मध्येच सवयीने म्हणाला, "थोडी स्माइल!" पाठीला!

आठवड्याने फोटो आले. मोठे, चकचकीत, अल्बममध्ये लावलेले. मी पानं उलटली. लोण्यासारखी पाठ. दुधासारखे दंड. एक डाग नाही, एक तीळ नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी कोरी नसते!

"संजू, तीळ कुठे गेले?"

"मॅडम, एकबी ठेवा नही!" त्याची छाती फुगली होती. "दोन रात्र बसनू. फिनिशिंग फ्री शे, तुमना करता."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विमलताईने मध्ये पडून त्याला समजावलं की या फोटोत तीळ हेच नवरा-नवरी, बाकी सगळं वऱ्हाड. त्याला ते एकदम पटलं.

पुढच्या वेळी त्याने प्रत्येक तीळ कॉम्प्युटरवर गडद करून, थोडा मोठा करून आणला. "आते दिसतस ना?"

तिसऱ्या वेळी मी त्याच्या शेजारी बसून फोटो जसेच्या तसे काढून घेतले. त्याला इतकं वाईट वाटत होतं की त्याने मला विचारलं, "मॅडम, याच्यावर माझ्या स्टुडिओचं नाव नाही टाकलं तर चालेल का?"

*

दुसरा पेशंट रायसिंग. काठीकडच्या डोंगरातला, तिशीचा गडी. आजार तोच, तीळ तेच. एकदा तो दोन तपासण्यांना आलाच नाही, म्हणून मी त्याला फोनवर झाडला होता. "पुढच्या तारखेला आभाळ कोसळलं तरी यायचं. कळलं?"

"हो मॅडम," तो म्हणाला.

पुढची तारीख होळीच्या दिवसांत पडली. काठीची होळी पेटली की पुढे कितीतरी दिवस गावोगावच्या होळ्या चालतात, आणि ज्यांनी नवस घेतलाय ते अंगभर राख-पिठाचे ठिपके काढून, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून नाचतात. त्या दिवसांत पाळणी असते. आंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, बाईमाणसाचा हात लागू द्यायचा नाही.

सकाळी अकराला दवाखान्याबाहेर घुंगरं वाजली. वेटिंगमधली पोरं पळून आयांच्या मांडीवर चढली. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, टाचेपासून कपाळापर्यंत पांढरे ठिपके. रायसिंग!

"मॅडम, तारीख होती," तो म्हणाला.

"बस," मी तपासणीच्या खाटेकडे बोट दाखवलं.

"खाटेवर नाही बसायचं."

"बरं, उभा राहा. हात पुढे कर."

"बाईमाणसानं नाही लावायचा हात."

"मग निदान तो रंग तरी पूस!"

"पाणी नाही लावायचं."

मी डोकं धरून खुर्चीवर बसले. तीळ बघायचे, पण हात लावायचा नाही, बसवायचं नाही, पुसायचं नाही. एवढ्या लांबून, तीन गाड्या बदलून हा माणूस आला कशाला? मी चिडून तसंच विचारलं.

तो शांतपणे वळला आणि मला पाठ दाखवली. "बघा तर खरं मॅडम."

मी बॅटरी घेऊन हातभर अंतरावर उभी राहिले. अंगभर ठिपके होते, पण जिथे जिथे तीळ होता तिथे एक एक मोकळी जागा सोडलेली. काळजीने, गोल. एकही तीळ झाकलेला नव्हता.

"भावाला सांगितलं, मॅडमचे तेवढे सोड," रायसिंग म्हणाला. "रात्रभर रंगवत होता. शिव्या देत होता तुम्हाला."

इतकी सोपी तपासणी मी आयुष्यात केली नाही. सगळे तीळ चौकटीत लावल्यासारखे! सगळे चांगले होते. जाताना वेटिंगमधल्या पोरांसाठी तो दारात थोडा नाचला, आणि त्या दिवशी इंजेक्शन घेताना कोणीही रडलं नाही.

*

आता उर्मिलाचं लग्न. इथून खरी लढाई सुरू झाली.

तिची एक आत्या आहे, कमलआत्या. घरातली सगळी लग्नं तीच जुळवते. तिचं म्हणणं असं की डाग-तिळांचं लग्नाआधी बोलायचंच नाही. "लगीन व्हवू दे, मंग सांगसूत. आधी कोन सांगस?" उर्मिलाचं म्हणणं असं की सांगितल्याशिवाय मी पाटावर बसायची नाही.

आत्याने मधला मार्ग म्हणून गुरुजींना गाठलं. तिळांना शुभ-अशुभ अर्थ असतात ना? मग चांगले चांगले तेवढे सांगू, असा तिचा बेत. गुरुजींनी एकेका तिळाचा अर्थ लावायला सुरुवात केली. दंडावरचा म्हणजे धनलाभ, खांद्यावरचा म्हणजे परदेश, मानेवरचा म्हणजे राजयोग. पुढे पुढे भविष्य एकमेकांच्या अंगावर यायला लागलं. मुलगी श्रीमंतही होणार, भिकेलाही लागणार, परदेशी जाणार आणि गाव सोडणार नाही! शेवटी गुरुजींनी पंचांग मिटलं. "आत्याबाई, हे काम डॉक्टरांचं आहे. मला चहा द्या."

मुलगा बघायला आला तो म्हसावदचा. नितीन. शाळेत शिक्षक, चष्मा, बोलायला लाजरा. मोठ्यांचं बोलणं झाल्यावर दोघांना मागच्या खोलीत पाठवलं. तिथे खताच्या गोण्या रचलेल्या. आत्या दाराला कान लावून उभी. पुढचं मला तिनेच सांगितलं, कपाळावर हात मारत मारत.

उर्मिलाने त्याला सगळं सांगितलं. डाग, तीळ, इंजेक्शन, सगळं. मग म्हणाली, "माझी पाठ मला दिसत नाही. आज आई बघते. लग्नानंतर दर महिन्याला नवऱ्याला बघावी लागेल, नीट, आयुष्यभर. तुमच्या चष्म्याचा नंबर किती?"

त्याने सांगितला.

"जवळचं दिसतं?"

"दिसतं ना."

"मग हे वाचा." आणि तिने त्याला खताच्या गोणीवरचं सगळ्यात खालचं, सगळ्यात बारीक छापलेलं वाचायला लावलं. हातभर अंतरावरून. मोठ्याने!

नितीन वाचायला लागला. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, कोरड्या जागी ठेवा, लहान मुलांपासून दूर ठेवा. एक अक्षर चुकला नाही. पुढे उत्पादकाचा पत्ताही वाचणार होता, तेवढ्यात ती म्हणाली, "बस. पास."

"पोऱ्याले पास करं हाई!" आत्या मला सांगताना किंचाळली. "आमना टाईमले आमले चाली दखाडनी पडे!"

*

साखरपुडा झाला आणि नितीन एकटाच दवाखान्यात आला. वही नाही, पेन नाही, नुसता उभा. "मॅडम, मला शिकवा."

"काय?"

"पाठ."

विमलताईने दोन्ही हात पसरून दार अडवलं. "लगीन आधी पाठ नही!" मग तडजोड झाली. संजूचे फोटो होते, तेही फक्त खांद्यापासून कमरेपर्यंतचे. विमलताई मध्ये स्टूल टाकून बसली आणि शिकवणी सुरू झाली.

तिळाची कडा कशी बघायची, रंग कसा, वाढ कशी, हे त्याला चटकन कळलं. पण कोणता तीळ कोणता, हेच ध्यानात राहीना. इतके तीळ, नावं कोणाचीच नाहीत. त्याने डोकं खाजवलं, आणि शेवटी जे वर्गात करतो तेच केलं. त्याने पाठीचा जिल्हा केला! कमरेकडचे तीळ म्हणजे तापीकाठ: सारंगखेडा, प्रकाशा. मधे शहादा, तळोदा. वर डाव्या खांद्याकडे सातपुडा: धडगाव, मोलगी, काठी. आणि अगदी वर, मानेच्या खाली, ब्लाउजच्या गळ्याशी जो होता, तो तोरणमाळ. उंचावर म्हणून.

मी म्हटलं, "सर, नकाशात हे असं नाही हो."

"मॅडम, परीक्षा माझी आहे ना?" तो म्हणाला. लाजरा माणूस पहिल्यांदा उलट बोलला.

त्याने तोच जिल्हा सुशीलाताईंना शिकवला. आजवर त्यांचा फोन म्हणजे, "बाई, तो वरना शे ना, तेना बाजूना, लहानसा," असा अर्धा तास चालायचा. आता फोन दोन वाक्यांचा झाला. "शहादा ठीक. प्रकाशा ठीक."

*

लग्नाला पंधरवडा राहिला असेल. सकाळी सुशीलाताईंचा फोन. नेहमीचा आवाज नव्हता.

"बाई, तोरणमाळ बदलनं."

"काय झालं?"

"एक कोर काई पडनी. आनि किनार वाकडी जायी. आनि बाई, हाऊ मी लायेल काजळ नही शे. मी पुसी देखं."

दुपारी उर्मिला आली. मी भिंगाखाली बघितलं, जुना फोटो शेजारी धरला. एक कोर काळी पडली होती, कडा वाकडी झाली होती. सुशीलाताई बरोबर होत्या. काढायलाच हवा होता आणि लवकर.

पुढचा तास दवाखान्यात जो गोंधळ झाला तो विमलताई अजून साभिनय करून दाखवते. कमलआत्या म्हणाली, लग्न होऊ द्या, मग काढा. मानेखाली टाके, पट्टी, फोटोत काय दिसेल! पाहुणे काय म्हणतील! पंधरा दिवसांनी असं काय होणार आहे?

मी काही बोलण्याआधी उर्मिला उठली. तिचा आवाज पक्का होता.

"आत्या, फोटोमा टाका दिसतीन ते दिसू दे. मी फोटोकरता लगीन नही करी ऱ्हायनी."

हा आजार असलेल्यांना भुलीच्या वेळी जपावं लागतं. समोरच्या फिजिशियनना बोलावून घेतलं, आधी द्यायची औषधं दिली, इंजेक्शन भरून तयार ठेवलं आणि मी तो तीळ मुळासकट काढला. उर्मिला पालथी पडून सबंध वेळ पुटपुटत होती. मला वाटलं, रामरक्षा. कान दिला तर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश!

तुकडा तपासणीला गेला. रिपोर्टला वेळ लागणार होता. जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट कसाही आला तरी अंतरपाट पडायच्या आधी नितीनला कळला पाहिजे. त्याला मागे फिरायचं असेल तर कापड अजून वर असलं पाहिजे."

मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

*

हळद. हा आजार असलेल्या अंगाला चोळणं म्हणजे प्रत्येक डागाला जागं करणं. आणि आमच्याकडे हळद लावत नाहीत, हळद रगडतात! उर्मिलाने पाटावर बसतानाच जाहीर केलं, "लावा. चोळू नका." जमलेल्या बायकांना चोळल्याशिवाय हळद लावता येते हेच माहीत नव्हतं. शेवटी प्रत्येकीने एक एक बोट टेकवलं. नवरी पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली. मला रायसिंग आठवला.

मांडवाच्या कोपऱ्यात विमलताई पर्स छातीशी धरून बसली होती. पर्समध्ये इंजेक्शन होतं. पाहुण्यांना वाटलं दागिने आहेत, म्हणून दोन म्हाताऱ्या तिच्या दोन बाजूंना राखणीला बसल्या.

*

लग्नाचा दिवस उजाडला तरी रिपोर्ट नव्हता. मी मांडवात फोन हातात धरून. उर्मिला हिरव्या शालूत, मानेखाली पांढरी पट्टी स्वच्छ दिसत होती. तिने संजूला आधीच बजावलं होतं, "भाऊ, फिनिशिंग नही." संजू दुःखी चेहऱ्याने फोटो काढत होता.

अंतरपाट धरला गेला. इकडे उर्मिला, पलीकडे नितीन. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडे गुरुजींचं झालं की नातेवाइकांची रांग लागते. मामा, मावशी, मित्र, सगळे स्वतः रचलेली मंगलाष्टकं माइकवर म्हणतात. नितीनच्या शाळेतले एक सर म्हणत होते, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. रिपोर्ट!

मी गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढले. कमलआत्याने माझा पदर धरला. "नंतर बाई, नंतर!" मांडवात नेटवर्क धड नाही, फाइल उघडता उघडेना. उघडली तेव्हा मी फक्त वरचं पेशंटचं नाव वाचलं होतं. उर्मिलाने हात पुढे केला, माझ्याकडून फोन घेतला आणि त्याकडे न बघता अंतरपाटाखालून पलीकडे सरकवला.

"वाचा," ती कापडाला म्हणाली. "मोठ्याने."

शाळेतल्या सरांचं मंगलाष्टक संपलं होतं आणि माइक त्यांनी नकळत नितीनपुढे धरलेला. नितीनने चष्मा सारखा केला, फोन हातभर अंतरावर धरला आणि वर्गात वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचायला लागला. सगळं इंग्रजीत. तुकड्याची लांबी, रुंदी, रंग. पेशींचं वर्णन. मला फक्त निदानाचा शब्द ऐकायचा होता. सुशीलाताईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ॲटिपिकल नीव्हस," नितीनने वाचलं. म्हणजे तीळ बिघडायला लागला होता. मग त्याने चष्मा पुन्हा सारखा केला आणि पुढची ओळ वाचली. "नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी. कम्प्लीटली एक्साइज्ड. ऑल मार्जिन्स क्लिअर."

कॅन्सर नाही. सगळा निघालाय. माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत.

कापडाच्या या बाजूने उर्मिलाने विचारलं, "खालचं बारीक?"

"वाचतो ना," नितीन म्हणाला, आणि त्याने लॅबचा फोन नंबर, पिनकोड आणि रविवारी बंद, हेही वाचलं.

तो थांबला. मांडवात सगळीकडे हातात अक्षता धरून माणसं उभी होती. इतकं लांबलचक, इतकं गंभीर, आणि तेही स्वतः नवरदेवाने म्हटलेलं! कोणीतरी पहिली मूठ टाकली. मग सगळ्या मांडवाने टाकली. गुरुजी दचकून "सावधान" ओरडले, बँड सुरू झाला, अंतरपाट खाली आला.

पंगतीत कमलआत्या माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे पुसून पुसून लाल झालेले.

"डाक्टरीणबाई," ती म्हणाली, "शेवटनं कडवं काय गोड म्हनं पोऱ्याने! माले लिखी द्या ना. मन्ही नातना लगीनमाबी हाईच म्हनाले लावसू."